दोन गोचिडी, एक दोरी

११ फेब्रुवारी

बेर्मेतने सांगितलं म्हणून वही आणली. तिचं म्हणणं, "सागिन बाइके, रोज धावून आल्यावर काय वाटलं ते लिहीत जा. नुसत्या आकड्यांवरून माणूस कळत नाही." पोरगी सत्तावीस वर्षांची, बिश्केकला बसून आम्हाला फोनवरून प्रशिक्षण देते आणि मला बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणते आणि बोलते मात्र माझ्या सासूसारखी. मी दोन वह्या आणल्या. एक तिला दाखवायची. ही दुसरी.

आज तिने पाठवलेला डबा आला. आत एक घड्याळ आणि दोन सेन्सर. अंगठ्याएवढी काळी चकती, बुटाच्या नाडीत अडकवायची. मेंढीच्या कानामागे रक्त पिऊन फुगलेली गोचीड असते, हुबेहूब तशी दिसते. एक तिलेकच्या बुटाला, एक माझ्या. पाय किती जोरात पडतो, किती वेळ टेकतो, चढ किती, समोरून वारा किती, हे सगळं मोजून ती सांगते की माणूस या क्षणी किती ताकद लावतोय. वॉटमध्ये.

"म्हणजे मी किती वॉटचा बल्ब, बाइके?" तिलेकने विचारलं.

"तीनशेचा."

"आणि उजेड मलाच नाही!" असं म्हणून तो स्वतःच खो खो हसला.

चौदाव्या वर्षी घोड्याची लाथ बसली तेव्हापासून त्याला काही दिसत नाही. आता एकोणतीस. आमच्याच गल्लीत राहतो, दवाखान्यात मालिश करतो. गेली सात वर्षं आम्ही दोघं एक वीतभर दोरी हातात धरून धावतोय, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी त्याचे डोळे. तरुणपणी मी प्रांताच्या संघातून पाच हजार मीटर धावलेला माणूस आहे, उगीच कोणी भेटलो नाही त्याला.

१७ मेला अल्माटीत निवड आहे. पाच हजार मीटर, सतरा मिनिटं वीस सेकंदांच्या आत. जमलं तर शरद ऋतूत आशियाई स्पर्धा. मागच्या दोन निवडी हुकल्या, एकदा त्याला ताप होता, एकदा आमची बस बंद पडली. बेर्मेत म्हणते ही शेवटची, संघटना पुढच्या वर्षापासून तिशीच्या आतलेच घेणार. वेळ गाठायची तर तिलेकला सबंध शर्यतभर तीनशेवीस वॉट टिकवावे लागतील.

१५ फेब्रुवारी

घड्याळ माझ्या मनगटावर, त्यात आकडा तिलेकचा, आणि तो त्याला कळायचा तर माझ्या तोंडून. दर मिनिटाला ओरडतो, "दोनशे नव्वद! तीनशे चार!" तळ्याकडच्या रस्त्याला पोप्लरच्या झाडांखाली एक बाई गाय घेऊन चालली होती, ती थांबून बघत राहिली. तिला वाटलं मी लिलाव करतोय.

गंमत खरी आहे. चढावर आमचा वेग पडायचा तेव्हा मी तिलेकवर खेकसायचो. आता गोचीड सांगते की चढावरही तो तीनशेच्या वर आहे. सात वर्षं फुकट खेकसलो. त्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, "राहू द्या, तुमच्या खेकसण्यावरून मला चढ आलाय हे कळतं."

२१ फेब्रुवारी

हवेत धूर फार. थंडीत अख्खं आमचं काराकोल कोळसा जाळतं, त्यात माझी शाळेची भट्टी. एकोणीस वर्षं मी त्या बॉयलरला कोळसा घालतोय, शाळेतल्या चारशे मुलांचे पाय गरम राहतात ते माझ्यामुळे. सकाळची पाळी संपवून सरळ धावायला गेलो. खोकला आहे. दर वर्षी असतो, उन्हाळ्यात जातो. बायको, सायकाल, मेंढीच्या शेपटीची चरबी दुधात घालून देते आणि मी पिईपर्यंत समोरून हलत नाही.

तिलेकचा आकडा आज घसरला. तिसऱ्या किलोमीटरपर्यंत तीनशे, मग दोनशे सत्तर.  

२८ फेब्रुवारी

आठवडाभर तेच. तिसऱ्या किलोमीटरला तो ढिला पडतो. मी गोचीड काढून पुसली, नाडी बदलली, बॅटरी भरली, फोनमधल्या ॲपमध्ये त्याचं वजन पुन्हा भरलं. दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं त्याला, चौसष्टच भरला. त्याच्या आईला विचारलं जेवतो का. ती म्हणाली, "काल एकट्याने खिमा भरलेले अर्धी कढई मांती संपवले. तुमच्याकडे उपाशी धावतो की काय?"

आज मी एक गोष्ट केली. घड्याळात दोनशे अडुसष्ट होते, मी ओरडलो, "दोनशे पंचाण्णव!" माणसाला हुरूप आला की पाय आपोआप उचलतात. तो म्हणाला, "छान." आकडा तिथेच राहिला.

४ मार्च

बेर्मेतचा फोन. तिच्याकडे आमच्या दोघांच्या आलेखाच्या रेघा जातात, त्याचे वॉट, माझे वॉट आणि घड्याळाने मोजलेले माझ्या हृदयाचे ठोके.

"सागिन बाइके, तुमचे ठोके एकशे ऐंशीला जातायत."

"घड्याळ सैल आहे."

"मग आवळा. आणखी एक. आधी तुमचे ठोके चढतात, आणि मग पंधरावीस सेकंदांत तिलेकचे वॉट पडतात. मी सगळ्या धावा पाहिल्या. उलटं एकदाही झालेलं नाही. तुम्हाला काय वाटतं यावर?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार केला. सरळ आहे. सात वर्षं ज्याच्याबरोबर पाय टाकला, तो ढिला पडणार हे माझ्या जिवाला आधीच कळतं आणि धडधड सुरू होते. इतका जीव लावलाय मी त्याला. हे तिला सांगायची लाज वाटली. दाखवायच्या वहीत लिहिलं, "घड्याळ आवळलं."

ती शेवटी म्हणाली, "पाच हजारला दोन मार्गदर्शक चालतात, मध्ये बदलता येतो. कोणी आहे का तिकडे?" मी म्हटलं नाही. तिलेकला विचारलं तर तोही ताडकन म्हणाला, "नको. मला दुसऱ्या कोणाची दोरी नको." ऐकून छाती फुगली.

९ मार्च

पाठ आखडली होती म्हणून तिलेककडे गेलो. हात कसले आहेत पोराचे! बोटांनी मणकान् मणका मोजतो. मग पाठीवर दोन्ही पंजे पसरून म्हणाला, "मोठा श्वास घ्या. सोडा. आणखी एकदा." असं सातआठ वेळा. एरवी मालिश करताना गप्पा हाणतो, आज चिडीचूप.

"काय झालं? गाठ लागली का?"

"नाही. बॉयलर कधी बंद होतो, बाइके?"

"एक एप्रिलला. का?"

"सहज."

१३ मार्च

आज पहिल्या किलोमीटरपासूनच दोनशे पासष्ट. तिसऱ्याची वाटही पाहिली नाही त्याने. मला काही कष्टच पडले नाहीत, खोकलाही कमी आला. मी इतका ताजा आणि तो असा मरगळलेला! नवरा-बायकोचं काही म्हणावं तर लग्न झालेलं नाही. प्रेमात पडला असेल का? सायकालला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही दूध प्या."

२१ मार्च, नौरुझ

नव्या वर्षाचा सण, चौकात रात्रभर ढवळलेल्या सुमोलोकची, म्हणजे मोड आलेल्या गव्हाच्या खिरीची, कढई उतरली. सगळ्यांना वाटी वाटी मिळाली. कढईत तळाला चिकटू नये म्हणून खडे टाकतात, ज्याच्या वाटीत खडा येईल त्याने मनात काहीतरी मागायचं. तिलेकच्या दाताखाली आला. तोंडातून काढून, पुसून त्याने माझ्या हातात दिला.

"तुम्ही मागा."

"वेड्या, तुझ्या वाटीतला आहे. तू माग."

"माझं मागून झालं. आता तुमचं तुम्ही मागा, मनापासून मागा."

मी त्याच्यासाठी तीनशेवीस मागितले. दुसरं काय मागणार?

२ एप्रिल

काल भट्टी विझवली. आज बेर्मेत स्वतः बिश्केकहून आली. बसस्थानकापासून पायी आली, मला म्हणाली, "तुम्ही बारीक झालात." तिलेकला व्यायामशाळेतल्या फिरत्या पट्ट्यावर चढवलं, बाजूच्या दांडीला एक बोट लावून तो एकटा धावला. पंधरा मिनिटं. मी उभा राहून आकडा बघत होतो. तीनशे दहा. तीनशे अठरा. तीनशे अठरा. तीनशे बावीस.

पट्ट्यावर गोचीड फसते, असं मी म्हटलं. वारा नाही, जमीन आपणहून मागे सरकते.

"थोडी फसते," बेर्मेत म्हणाली. "पन्नास वॉटांनी नाही."

संध्याकाळी तिने मैदानावर मेदेरला आणलं. तो डोंगरावर स्की शिकवतो, अठ्ठावीसचा, तोंडाची टकळी अखंड चालू. तिने माझ्या हातातली दोरी मागितली. मी दिली. "एकच किलोमीटर, बाइके." ते गेले. मेदेर धावताना बोलत होता. धावताना! तिलेक हसत होता. तीनशे सव्वीस.

माझ्या घड्याळात आकडा दिसत होता आणि या वेळी तो ओरडून सांगायला मी त्याच्या शेजारी नव्हतो.

५ एप्रिल

भांडलो. मीच भांडलो, तो ऐकत होता.

"माझ्याबरोबर पाय ओढत चालतोस आणि त्या बडबड्याबरोबर हरणासारखा! सात वर्षांत मी तुला एकदा तरी खड्ड्यात घातलं का?"

"नाही, बाइके."

"मग कंटाळलास का मला? तोंडाने सांग ना!"

"बाइके, तुम्ही मला पंचाण्णव सांगत होतात तेव्हा अडुसष्ट होते."

मी गार पडलो. "तुला कसं कळलं?"

"पाय माझे आहेत." मग म्हणाला, "मी काही म्हटलं का तुम्हाला? नाही ना. मग तुम्हीही काही म्हणू नका."

 घरी आलो. जिन्याने दोन मजले चढून दारात पाच मिनिटं उभा राहिलो, सायकालला घरात शिरताना धाप दिसू नये म्हणून. भट्टी बंद होऊन चार दिवस झाले तरी खोकला हटत नाही. या वर्षी उन्हाळा उशिरा येतोय.

१४ एप्रिल

सायकालने ओढत दवाखान्यात नेलं. मालिशच्या खोलीवरून जाताना मी तोंड फिरवून, पाय न वाजवता गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक नळी दिली, म्हणाल्या, जोरात फुंका. तीनदा फुंकलं. यंत्राने कागद बाहेर टाकला. आता माझाही आकडा निघाला. फुप्फुसं अडुसष्ट टक्के.

"परीक्षेत एवढ्यात पास करतात," मी म्हटलं.

"ही परीक्षा नाही, आजोबा." सत्तेचाळिसाव्या वर्षी मला आजोबा म्हणाली. "फुप्फुसात कोळसा बसलाय. गेलं ते परत येणार नाही. असंच चाललं तर दोनतीन वर्षांत पन्नासवर याल. कोळसा बंद. शर्यती बंद. चाला हवं तेवढं."

कोळसा बंद म्हणजे काय करू, हे त्यांनी सांगितलं नाही. शाळेत दुसरं काम नाही, विचारून झालं.  घरी आल्यावर सायकालने दूध तापायला ठेवलं आणि चरबी घालायला विसरली. मला इतकी भीती वाटली की मी तसंच पिऊन टाकलं.

ही वही जाळावी असं मनात आलं. पण भट्टी बंद आहे.

१५ एप्रिल

सकाळपासून फोनवर जुन्या रेघा बघत बसलो. माझे ठोके चढतात. पंधरा सेकंद. त्याचे वॉट पडतात. पुन्हा चढतात. पुन्हा पडतात. फेब्रुवारीपासून एकेचाळीस धावा. नऊ मार्चला मी पालथा पडून श्वास घेत होतो, आणि तेरा मार्चपासून तो पहिल्याच किलोमीटरपासून हळू.

तो ढिला पडत नव्हता. माझा श्वास ऐकत होता. मी दोरीला मागे पडायला लागलो की तो मला ओढायच्या आधी थांबायचा, कारण मार्गदर्शकाला ओढल्यावर मार्गदर्शकालाच कळलं असतं.

आणि मी त्याचं वजन करवलं. त्याच्या आईला जेवणाचं विचारलं. त्याला वाटेल तसं बोललो. त्याच्या अखेरच्या संधीवर मी पाय देऊन उभा होतो आणि वर त्यालाच खोटे आकडे सांगत होतो. मला माझीच इतकी चीड पूर्वी कधी आली नव्हती.

१६ एप्रिल

त्याला खरं सांगितलं तर तो शर्यतच सोडेल. ओळखतो मी त्याला. "तुमच्याशिवाय नाही," म्हणेल आणि त्या वाक्यावर आयुष्यभर बसून राहील. तेव्हा वेगळं काहीतरी हवं. बेर्मेतला फोन केला, "माझा गुडघा गेलाय. मेदेरला घ्या."

 ती म्हणाली, "ठीक आहे, बाइके. तुमची गोचीड मेदेरच्या बुटाला लावा, नवी मागवायला वेळ नाही."

तिलाही गोचीडच म्हणायची सवय लागली.

१८ एप्रिल

तिलेक घरी आला, काठी टेकत, तेलाची बाटली घेऊन.

"कुठला गुडघा?"

"उजवा," मी म्हटलं. पाय दुमडून बसलो होतो, उजवा समोर होता.

"आणा इकडे."

अर्धा तास त्याने माझा उजवा गुडघा चोळला. धडधाकट गुडघा. वाटीभोवती बोटं फिरवली, दाबून पाहिलं. मी मधूनमधून विव्हळलो, जरा जास्तच.

"हो," तो म्हणाला. "सुजलाय. आत पाणी झालंय. यावर धावणं शक्यच नाही."

"मी म्हणतच होतो."

"मग मी मेदेरबरोबर जातो. तुमचा राग नाही ना?"

"गुडघ्याचा आहे," मी म्हटलं.

इतका नावाजलेला मालिशवाला, मणक्यातली राईएवढी गाठ त्याच्या बोटाला लागते, आणि काहीच नसलेल्या गुडघ्यात त्याला पाणी सापडलं! हातही चुकतात माणसाचे. बरंच झालं. जाताना तेलाची बाटली ठेवून गेला आणि सायकालला म्हणाला, "एजे, हे गुडघ्याला नको, छातीला लावा. वास चांगला आहे." विसरभोळा आहे पोरगा.

६ मे

दोघं मैदानावर धावतात, मी कडेच्या बाकावर. मेदेर आकडे सांगत नाही, किस्से सांगतो. तिलेक मला दर फेरीला विचारतो, "बाइके, किती?" मी घड्याळात बघून ओरडतो. ओरडल्यावर खोकतो. मग पुढच्या फेरीला त्याने विचारणं बंद केलं. मी घड्याळ मेदेरला देऊन टाकलं.

ऑक्टोबरमध्ये भट्टी पेटवायला कोण येणार, असं शाळेतून विचारून गेले. मी म्हटलं, मी आहे ना. दुसरं काय म्हणू?

१७ मे

शर्यत अकराला होती. मी साडेदहापासून अंगणात फोन मांडीवर घेऊन बसलो. अकरा वीस. साडेअकरा. बारा वाजता फोन वाजला, पण तो कोणाचा फोन नव्हता, गोचिडीच्या ॲपचा आवाज होता. पडद्यावर दोन माणसं नाचत होती आणि लिहिलं होतं, "अभिनंदन, सागिन! ही तुमच्या आयुष्यातली सर्वोत्तम धाव! तीनशे त्रेचाळीस वॉट! तुमच्या पुढच्या धावांची पातळी वाढवू का?"

मेदेरच्या बुटाला माझी गोचीड होती. माझ्या नावाची.

मी त्या दोन नाचणाऱ्या माणसांकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग खरी घंटा वाजली. मागे गलका, त्यात बेर्मेतचं रडणं, की हसणं.

"बाइके! सतरा मिनिटं सहा!" तिलेक ओरडला.

 "शाबास!" मी म्हणालो.

"आता आकडा सांगा. मेदेर काहीतरी सांगतोय, मी त्याला म्हटलं, तुझ्या आकड्यावर माझा भरवसा नाही. बाइके सांगतील तो खरा."

त्याची रेघ उघडली. "तीनशे अठ्ठावीस."

"त्यात तुमचे किती?"

"एकही नाही. आईशप्पथ."

तो हसला.  गलक्यातून बाहेर आला असावा, कारण मागचा आवाज कमी झाला. मी फोन तोंडापासून लांब धरून खोकून घेतलं आणि पुन्हा कानाला लावला.

"गुडघा कसा आहे, बाइके?"

"पुष्कळ उतरलाय," मी म्हटलं. "डावा आता पूर्ण दुमडतो."

"उजवा, बाइके," तो म्हणाला. "उजवा होता."

मी म्हटलं, "हो. उजवा." मग आम्ही दोघंही फोन न ठेवता तसेच राहिलो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, मोकळा, लांब. माझा त्याला येत असणार.